शेवटच्या बाकावर शब्द पोहोचावा म्हणून : चर्चसाठी लाऊडस्पीकर निवडताना



आपल्या अनेक चर्चमध्ये एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते : "फादरांचा आवाज येतो, पण काय बोलले ते कळत नाही." तक्रार करणारे बहुधा मागच्या बाकांवरचे आजी-आजोबा असतात, किंवा लहान मूल घेऊन दाराजवळ बसलेल्या आया. वय झाले, कान कमी झाले, अशी आपण त्यांची समजूत घालतो. मग कधीतरी वर्गणी जमते, जुना संच निघतो, जास्त वॉटचा नवा संच बसतो. पहिल्या रविवारी सगळे खूश असतात. तिसऱ्या रविवारी तीच आजी तेच वाक्य बोलते. पैसे तर भाविकांच्या घामाचे गेलेले असतात. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास खरेदीच्या आधीच केलेला बरा.

हा विषय निव्वळ सोयीचा नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (क्रमांक ३११) स्पष्टच म्हटले आहे की धर्मगुरू, उपधर्मगुरू आणि वाचक हे लोकांना नुसते दिसून भागत नाही, आधुनिक साधनांच्या मदतीने ते विनासायास ऐकूही आले पाहिजेत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्यानंतर ही गरज फार वाढली. लॅटिन मिस्सेत सामान्य माणूस शब्दाशब्दाचा अर्थ लावत बसत नव्हता. संथ गायलेली प्रार्थना उंच छताखाली घुमली तर उलट गोडच वाटे. आज त्याच छताखाली मराठीत यशयाचे वाचन होते आणि त्यातला प्रत्येक शब्द कळावा अशी आपली अपेक्षा असते.

आवाज आणि शब्द यांत फरक काय, ते मराठी माणसाला चटकन कळेल. पाप, ताप, शाप, माप हे चार शब्द घ्या. चारही शब्दांतला 'आ' सारखाच आहे, आणि आवाजाचा जोर असतो तो या स्वरात. शब्द वेगळे ठरतात ते पहिल्या व्यंजनामुळे, जे क्षणभरच टिकते आणि फार हलके असते. खार आणि कार, भार आणि बार, धार आणि दार यांत तर फक्त श्वासाच्या फुंकरीचा फरक आहे. व्यंजनांची ओळख पटवणारा भाग साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या टापूत असतो, आणि वयोमानाने कान मंदावतात तेही वरच्या स्वरांपासूनच. तेव्हा चर्चमध्ये घुमणाऱ्या 'आ'ने पुढचा 'प' झाकला गेला की आजींना आवाज आला आणि शब्द गेला. त्यांची तक्रार अक्षरशः खरी असते.

आता घुमण्याविषयी. औरंगपुऱ्यात भर रस्त्यावर भाजीवाला ओरडतो तेव्हा गोंगाट कितीही असला तरी "मेथी दहाला जुडी" हे शब्द कळतात, कारण त्याचा आवाज एकदाच आपल्या कानावर येतो आणि मोकळ्या आभाळात निघून जातो. चर्चमध्ये तो भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून पुन्हा पुन्हा येतो. विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी अनेक वेळा ऐकू येते, ती गंमत म्हणून आपण मुलांना दाखवतो. आपल्या चर्चमध्ये तीच गंमत शुभवर्तमान वाचताना चाललेली असते, एवढेच.

या गोष्टीचे गणित मांडणारा पहिला माणूस म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण प्राध्यापक वॉलेस सेबिन. १८९५ साली तेथील फॉग कलासंग्रहालयातले व्याख्यानगृह दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे आले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सेबिनने जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावून मोजायचे, आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर ठेवायच्या, असा उद्योग चालवला. त्यातून त्याला नियम सापडला : खोलीचे घनफळ जितके मोठे तितका घुमारा लांब, आणि आवाज शोषणारी वस्तू जितकी जास्त तितका तो आखूड. उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे गणित आपल्याकडच्या मध्यम चर्चला लावून पाहू. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर, उंची ७ मीटर, म्हणजे घनफळ १४०० घनमीटर. खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचे छत, भिंतींना प्लास्टर. अशा रिकाम्या चर्चचे एकूण शोषण, बाक व दारे धरून, फार तर ४० चौरस मीटर उघड्या खिडकीइतके भरते. सेबिनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण) घुमारा साधारण साडेपाच सेकंद येतो. म्हणजे वाचक दहा-बारा शब्द पुढे गेला तरी मागचा शब्द पुरता विझलेला नसतो. बसलेला एक माणूस, अंगावरच्या कपड्यांसह, सुमारे अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडे कमी शोषण करतो. रोजच्या मिस्सेला ५० माणसे आली की घुमारा साडेतीन सेकंदांवर येतो. रविवारी २०० माणसे असली की पावणेदोन सेकंद. बोलणे नीट कळायला एक ते दीड सेकंद बरा.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. दुकानदार रिकाम्या चर्चमध्ये संच लावून दाखवतो तेव्हा आपण वेगळ्याच चर्चमध्ये ऐकत असतो. आणि सर्वांत जास्त त्रास रोज सकाळच्या मिस्सेला येणाऱ्या मोजक्या माणसांना होतो, ज्यांत म्हातारी माणसेच अधिक असतात आणि तीही सवयीने विखरून, मागे मागे बसतात.

आता मुख्य मुद्दा. स्पीकरमधून निघालेला आवाज दोन वाटांनी आपल्यापर्यंत येतो. एक सरळ, दुसरा भिंतींवरून फिरून. सरळ येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो. फिरून येणारा मात्र चर्चभर जवळपास सारखाच भरलेला असतो. त्यामुळे स्पीकरपासून काही अंतरापर्यंत सरळ आवाज वरचढ राहतो आणि त्यापुढे घुमारा. वरच्या उदाहरणातल्या चर्चमध्ये ५० माणसे असताना, चारी दिशांना सारखा आवाज फेकणारा स्पीकर लावला तर हे अंतर जेमतेम १ मीटर भरते. समोरच्या बाजूलाच आवाज एकवटणारा, म्हणजे त्या दिशेला दहापट जोर देणारा स्पीकर लावला तर साडेतीन मीटर. शब्द कळण्याची मर्यादा ढोबळमानाने याच्या तिप्पट अंतरापर्यंत जाते : एका स्पीकरने तीन-साडेतीन मीटर, दुसऱ्याने दहा-अकरा मीटर. ऐकणाऱ्याला मिळणारा हा फरक वॉटने पडलेला नाही. वॉट वाढवले की सरळ आवाज आणि घुमारा दोन्ही एकाच मापाने वाढतात आणि आजी जिथे होत्या तिथेच राहतात. शिवाय वॉट दुप्पट केल्याने वाढतात फक्त ३ डेसिबल, जे कानाला जाणवते न जाणवते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. दुकानात "पाचशे वॉटचा आहे" असे सांगितले तर तो स्पीकर किती सहन करतो एवढेच कळते. तो एका वॉटवर एका मीटर अंतरावर किती डेसिबल देतो हे विचारावे. ९० आणि ९६ डेसिबल यांत चौपट वॉटचा फरक आहे.

तेव्हा स्पीकर असा हवा जो आवाज बाकांवर टाकेल आणि छतावर व मागच्या भिंतीवर कमीत कमी टाकेल. प्रकार पाहू. भोंगा, ज्याला आपण कर्णाही म्हणतो, तो दूरवर पोहोचतो, पण त्याचा आवाज पत्र्यासारखा आणि अपुरा. यात्रेला, मिरवणुकीला, अंगणात ठीक. चर्चच्या आत भोंगा लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या वूफरचे डबे लग्नाच्या मांडवात शोभतात. गायनवृंदाला त्यांचा मोह पडतो, कारण ढोलक आणि कीबोर्ड भरदार वाटतात. पण दगडी वा सिमेंटच्या चर्चमध्ये खालचे स्वरच सर्वांत जास्त घुमतात आणि तेच व्यंजने गिळतात. ते घ्यायचेच असतील तर गायनासाठी वेगळे ठेवावेत, वाचनाचा माईक त्यांत जोडू नये.

बोलण्यासाठी आपल्यासारख्या चर्चला सर्वांत योग्य म्हणजे कॉलम स्पीकर. उंच अरुंद पेटीत एकाखाली एक असे लहान स्पीकर बसवलेले असतात. एकत्र वाजताना त्यांचा आवाज आडवा पसरतो, पण वर-खाली फारसा जात नाही. जितका कॉलम लांब तितका हा आवर चांगला. एक मीटरचा कॉलम साधारण ३५० हर्ट्झच्या वरच्या स्वरांना वळण लावू शकतो, त्याखालचे त्याच्या हातात नाहीत. म्हणून हातभर लांबीचा स्वस्त कॉलम नावालाच कॉलम असतो. आणि तो उभाच लावायचा. कित्येक ठिकाणी जागेच्या सोयीने दारावर आडवा ठोकलेला दिसतो. आडवा केला की गुण उलटतात : आवाज वर छताला आणि खाली फरशीला पसरतो, आणि बाजूच्या बाकांना मिळत नाही.

या पद्धतीची मोठी कसोटी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये लागली. त्या प्रचंड घुमटाखाली रिकाम्या वेळी घुमारा दहा सेकंदांहून अधिक होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे पार्किन आणि टेलर या दोघांनी सुमारे ११ फूट उंचीचे कॉलम बसवले आणि मागच्या कॉलमना आवाज मुद्दाम किंचित उशिरा पोहोचवला. उशीर करण्यासाठी फिरत्या चुंबकीय तबकडीवर आवाज टिपून क्षणभराने परत वाजवायचा, अशी त्यांची युक्ती होती. भल्या मोठ्या दगडी इमारतीत भिंतींना हात न लावता बोलणे कळू लागले.

वीज नव्हती तेव्हा काय करीत? जुन्या गोव्यात १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू बासिलिकेत गेलात तर पाहा : प्रवचनाचे कोरीव लाकडी पीठ वेदीजवळ नसून लोकांच्या मधोमध, बाजूच्या भिंतीवर उंचावर आहे आणि त्याच्या डोक्यावर लाकडी छत्र आहे. बोलणारा ऐकणाऱ्यांच्या जवळ गेला, आणि वर जाणारा आवाज छत्राने अडवून खाली टाकला. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या सुताराला लाऊडस्पीकर कसा लावावा हे ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

बसवण्याविषयी थोडे. कॉलमचा खालचा भाग उभ्या माणसाच्या डोक्याच्या थोडा वर असावा आणि पेटी पुढे किंचित झुकवून तिचे तोंड मागच्या बाकांकडे करावे. फार उंच, छताला टेकून लावू नये. वर सांगितलेल्या आकाराच्या चर्चला वेदीच्या पायऱ्यांच्या पुढे दोन्ही भिंतींवर एकेक आणि मध्यावर एकेक, असे चार पुरतात. गायनवृंदाच्या माळ्याखाली बसणाऱ्यांना मात्र वरून काहीच मिळत नाही. तिथे छतात दोन लहान स्पीकर, अगदी हळू आवाजात. पत्र्याचे छप्पर असलेल्या आपल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये पावसाळ्यात पत्रा वाजतो, तिथे तर जवळ आणि लहान हाच उपाय.

मध्यावरच्या स्पीकरची एक अडचण आहे. विजेचा संकेत वायरमधून तत्क्षणी जातो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४५ मीटरच चालतो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. पुढचा आणि मागचा स्पीकर यांत १७ मीटर अंतर असेल तर मागे बसलेल्याला तोच शब्द ५० मिलिसेकंदांच्या फरकाने दोनदा ऐकू येतो आणि शब्दांची कडा पुसली जाते. अंतर आठ-दहा मीटर असेल तर त्रास कमी. लांब चर्चमध्ये मागच्या जोडीला अंतराइतका उशीर द्यावा, वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद. मग कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो आणि शब्द वेदीकडूनच आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने १९४९ साली कानाचा हा गुण प्रयोगांनी दाखवला. सेंट पॉलमध्ये ज्याला तबकडी लागली ते काम आज अनेक लहान डिजिटल मिक्सरमध्ये एका बटणावर होते, तेव्हा मिक्सर घेताना ही सोय आहे का ते विचारावे.

वायरिंग १०० व्होल्ट लाइनचे करावे. प्रत्येक कॉलममध्ये लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ५, १०, २०, ३० वॉट असे टप्पे दिलेले असतात. लांब वायरमध्ये वीज वाया जात नाही, आणि पुढच्यांना कमी, मागच्यांना जास्त असा आवाज टप्प्यावरच ठरवता येतो. सर्व टप्प्यांची बेरीज अॅम्प्लिफायरच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावी; चार कॉलम २० वॉटवर म्हणजे ८०, त्याला १२० वॉटचा अॅम्प्लिफायर पुष्कळ झाला. मागे "जरा कमी पडतो" म्हणून कोणी घरचा ८ ओहमचा डबा याच लाइनवर जोडला तर अॅम्प्लिफायर जळू शकतो. या लाइनचा झटकाही बसतो, म्हणून वायर पाइपातून न्यावी. वीज जाणाऱ्या गावांत १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा अॅम्प्लिफायर मिळतो, तोच घ्यावा.

माईकविषयी स्वतंत्र लेख व्हावा. इथे एवढेच, की उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. वाचन चालू असताना वेदीचा आणि गायनवृंदाचे चार माईक चालू ठेवण्याचे काही कारण नाही. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी एक सोय अजून आपल्याकडे फारशी केली जात नाही. काही बाकांभोवती जमिनीलगत वायरचे वेटोळे फिरवून ते खास अॅम्प्लिफायरला जोडले की टेलिकॉइल असलेल्या यंत्रात माईकचा आवाज थेट उतरतो, मध्ये घुमारा येतच नाही. श्रवणयंत्र सर्वच आवाज मोठे करते, घुमाराही, म्हणून ज्यांनी हजारो रुपये खर्चून यंत्र घेतले तेच चर्चमध्ये ते काढून ठेवतात. नवा संच बसवताना दोन बाकांपुरते हे करायला हरकत नाही.

चर्चबाहेरच्या आवाजाला कायद्याची चौकट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बाहेर लाऊडस्पीकर लावता येत नाही. बंदिस्त जागेत आतल्या लोकांसाठी लावता येतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. तिची यादी आणि पोलिसांची लेखी परवानगी दोन्ही आधी पाहावी. मुंबईत अनेक चर्चनी मैदानातली नाताळची मध्यरात्रीची मिस्सा याच कारणाने संध्याकाळी अलीकडे आणली. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. औरंगपुऱ्यासारख्या भागात, जिथे सरस्वती भुवनसारखी मोठी शिक्षणसंस्था आणि दाट वस्ती शेजारी शेजारी आहे, तिथे बाहेरचा भोंगा कोणाच्या खिडकीत जातो याचा विचार कायद्याच्या आधी शेजारधर्मानेच व्हावा.

शेवटी, पैसे देण्याआधीची परीक्षा. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" याने काही कळत नाही. ते शब्द सर्वांना पाठच आहेत. विक्रेत्याला दोन कॉलम आठवडाभर लावून द्यायला सांगावे. रोजच्या मिस्सेनंतर पाच-दहा मिनिटे लोकांना थांबवावे. पाप, ताप, माप, खार, कार, धार, दार, भार, बार, सेवा, मेवा, ठेवा असे पंचवीस शब्द चिठ्ठीवर उलटसुलट लिहून एका मुलीने वाचनाच्या जागेवरून नेहमीच्या गतीने वाचावेत. शेवटच्या बाकावर, माळ्याखाली आणि बाजूच्या दारापाशी तीन माणसांनी, त्यांत एक साठीपुढचे असावे, ऐकले ते लिहावे. माझ्या मते प्रत्येक जागी वीसहून अधिक शब्द बरोबर आले तर संच घ्यावा. कमी आले तर आवाज वाढवू नये. कॉलमची उंची, झुकाव, जागा बदलून पुन्हा वाचावे. तरीही जमले नाही तर मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा नारळाच्या काथ्याचे फलक लावून पाहावे, आणि खिडक्या उघडाव्यात.

संच बसल्यावर कोणता कॉलम कोणत्या टप्प्यावर आहे, मिक्सरची बटणे कुठे आहेत आणि वायर कुठून गेली आहे याचा नकाशा जाड कागदावर काढून सॅक्रिस्टीत अॅम्प्लिफायरजवळ चिकटवावा. फादर बदलतात, माईक सांभाळणारी मुले शिकायला पुण्या-मुंबईला जातात, आणि पुढच्या माणसाला सगळी बटणे उजवीकडे पूर्ण फिरवण्यापलीकडे काही सुचत नाही.